प्रौढ वयातील मुरूम व रासायनिक लेप
(वार्षिक संमेलनात दिलेल्या व्याख्यानाचा सारांश)



‘तारुण्यपीटिका’ या नावानेच एक गैरसमज रुजविला आहे. तारुण्य ओसरले की हा विकार आपोआप जातो, अशी समजूत आहे. परंतु पंचविशी-तिशी ओलांडलेल्या अनेकांना, विशेषतः स्त्रियांना, हनुवटीवर व जबड्याच्या कडेने मुरूम येतच राहतात. तैलग्रंथी अधिक स्रवतात, रंध्रांच्या मुखाशी मृत पेशी साचतात, जंतू वाढतात आणि दाह होतो. यात अस्वच्छतेचा दोष नाही.

रासायनिक ‘पील’ म्हणजे आम्लाचा लेप देऊन त्वचेचा वरचा थर बेताने काढणे. जर्मन त्वचारोगतज्ज्ञ पॉल उन्ना यांनी १८८२ साली सॅलिसिलिक आम्लादी द्रव्यांचे त्वचेवरील गुण वर्णिले. हे आम्ल तेलात मिसळते, म्हणून तुंबलेल्या रंध्रांत शिरते. मुरुमांसाठी त्याचे प्रमाण साधारणतः २० ते ३० टक्के असते. ग्लायकोलिक आम्ल उसातही आढळते. म्हणून कोणी रसवंतीगृहाकडे धाव घेऊ नये! त्याचा लेप काही मिनिटांतच निष्प्रभ करावा लागतो. दोन ते चार आठवड्यांच्या अंतराने काही वेळा उपचार झाल्यावर गुण दिसतो. तथापि हा पूरक उपचार आहे. मूळ औषध सोडून चालत नाही.

आपल्या सावळ्या त्वचेस इजा झाली, तर काळे डाग महिनोन्महिने राहतात. म्हणून वधूवर-मेळाव्याच्या किंवा लग्नाच्या आठ दिवस आधी घाईने हा लेप देणे अनुचित होय. गर्भारपण असल्यास, तसेच पूर्वी घेतलेली औषधे, वैद्यांस आधी सांगावीत. नंतर उन्हापासून जपावे आणि निघणारी साल नखाने ओढू नये. ससून रुग्णालयातही त्वचारोग विभाग आहे. उपचार केवळ श्रीमंतांसाठीच आहेत, असे मानू नये.

याहून घातक म्हणजे गोरेपणासाठी फासली जाणारी स्टिरॉइडयुक्त मलमे. त्यांनी त्वचा पातळ होते व मुरूम वाढतात. २०१८ साली केंद्र सरकारने अशा अनेक मलमांच्या चिठ्ठीवाचून होणाऱ्या विक्रीस मनाई केली; तरी शेजारणीच्या सांगण्यावरून ती घरोघर येतात.

शेवटी वडीलधाऱ्यांस एक विनंती. मुरूम हा रोग आहे, सावळा वर्ण हा रोग नव्हे. पहिल्यावर उपचार करावा. दुसऱ्यावरून मुलीस घरात टोचून बोलणे बंद करावे. इतके झाले तरी आजचे व्याख्यान सार्थकी लागले, असे मी समजेन.