हॉस्टेलमधला गेम आणि ऑफिसातला फोन



संयोजकांनी बजावलंय, ‘तुझ्या कामाबद्दल बोल, पण झोप येईल असं नको.’ म्हणून विषय घेतलाय तुमच्या मुलांचा. आपल्यातल्या कित्येकांची मुलं आता हॉस्टेलवर आहेत. मी ‘कॉम्प्युटरवाली’, त्यामुळे फोन मला येतात: कॉलेजच्या वायफायवर यूट्यूब चालतं, मग गेमलाच काय होतं?

आपल्या शाळेच्या ऑफिसात एकच काळा फोन होता, आठवतो? आतून बाहेर लावणं सोपं. पण बाहेरून कोणी म्हणालं, ‘जोशीला बोलवा,’ की शिपाईकाका विचारणार, ‘कुठला जोशी?’ कॅम्पसच्या नेटवर्कचं तसंच आहे. आत हजारो यंत्रं, बाहेर दिसणारे पत्ते मोजके. मधे बसलेलं यंत्र वही ठेवतं: आतून कोणी कोणाला हाक मारली. त्या हाकेचं उत्तर आत सोडायचं, बाकीचं दारातच टाकून द्यायचं. याला नॅट म्हणतात. यूट्यूबला आपण आधी हाक मारतो, म्हणून ते चालतं. बऱ्याच गेममध्ये मात्र खेळाडूंची यंत्रं एकमेकांशी थेट बोलतात. दोघंही अशा ऑफिसांच्या मागे असतील, तर पहिला फोन लागणार कसा?

यावर तोड आहे. माझी रोजीरोटीच त्यावर चालते, कारण व्हिडिओ कॉललाही हीच अडचण येते. बाहेरचा एक सर्व्हर दोघांना एकमेकांचे पत्ते सांगतो आणि दोघं एकाच वेळी हाक मारतात. दोन्ही वह्यांत नोंद होते, दार उघडतं. पण काही नॅट दर नव्या हाकेला बाहेरचा क्रमांक बदलतात, म्हणजे सांगितलेला पत्ता पोचेपर्यंत शिळा. मग प्लेस्टेशन ‘नॅट टाइप ३’ दाखवतं, एक्सबॉक्स ‘स्ट्रिक्ट’. मुलांना हे शब्द पाठ असतात, अर्थ ठाऊक नसतो.

माझा भाचा अमेरिकेत शिकायला गेला. त्याची गाडी याच्याही आधी अडली. तिथल्या एज्युरोम वायफायवर नाव आणि पासवर्ड देऊन शिरावं लागतं, आणि प्लेस्टेशनला तसं शिरताच येत नाही. साताऱ्यातले त्याचे तीन मित्र शनिवारी खेळायला बसायचे, हा नुसता ऐकायचा. नव्या देशात पहिलं सत्र, थंडी, खोलीत एकटा. गेम हे त्याचं व्यसन नव्हतं, तो त्याचा कट्टा होता. ऑफिसने उत्तर दिलं, ‘नेटवर्क अभ्यासासाठी आहे.’

आता दुसरी बाजूही खरी आहे. २००७ साली आयआयटी मुंबईने हॉस्टेलमधलं रात्रीचं इंटरनेट बंद केलं, तेव्हा मुलं रात्रभर जागतात, सकाळच्या तासांना येत नाहीत, हेच कारण दिलं होतं. पटो न पटो, तो विचार करून घेतलेला निर्णय होता. माझा राग वेगळ्यावर आहे. पुष्कळ ठिकाणी गेम बंद असतो तो कोणी ठरवलं म्हणून नव्हे, तर कधीकाळी केलेली सेटिंग तशीच पडून आहे म्हणून.

भाच्याचे बाबा म्हणाले, ‘व्हीपीएन टाक, नाहीतर स्वतःचा राउटर लाव.’ मी दोन्हीला नको म्हटलं. फुकटचं व्हीपीएन म्हणजे आपली सगळी टपाल अनोळखी माणसाच्या हातून पाठवणं, शिवाय वळसा पडल्याने खेळही अडखळतो. आणि राउटरची तार चुकीच्या भोकात गेली, तर तो शेजारच्या खोल्यांना आपलेच पत्ते वाटत सुटतो. मजलाभर इंटरनेट बंद! कॅम्पसवाले राउटरला घाबरतात ते उगीच नाही.

त्याऐवजी आम्ही अर्ज लिहिला. ‘गेम चालू करा’ एवढंच लिहिलं तर कोणी वाचत नाही. यंत्राचा मॅक पत्ता, खोलीतल्या भिंतीवरच्या सॉकेटचा क्रमांक, कुठला नॅट टाइप दिसतो, आणि गेमच्या कंपनीने सांगितलेले यूडीपी पोर्ट, हे सगळं एका पानात. एक्सबॉक्स असेल तर ३०७४ लिहायला विसरू नका. ‘संपूर्ण नेटवर्क उघडू नका, या एका यंत्रापुरतं बघा,’ हे वाक्य मुद्दाम घातलं. ते वाचून पलीकडचा इंजिनिअर माणसासारखा बोलू लागला. त्याने मॅक पत्ता नोंदवून घेतला आणि यंत्र तारेवर, वेगळ्या विभागात टाकलं. टाइप ३ चा टाइप २ झाला.

आता तिकडे शनिवारची रात्र आणि साताऱ्यात रविवारची सकाळ असते. माझी ताई तक्रार करते, की पोरं पोहे गार करतात.

अर्जाचा मसुदा माझ्या फोनमध्ये आहे. हवा असेल त्यांनी जेवणाच्या रांगेत मला गाठा.