पेशीला दिशा कोण दाखवितें?



घराला दर्शनी बाजू असते, तसें परसदारही असतें; दोन्हींकडचीं कामें निराळीं. आपल्या शरीरांतील पेशींचेंही तसेंच आहे. त्वचेच्या तळथरांतील पेशी खालच्या आधारपटलाला घट्ट धरून असते; तिचें वरचें अंग निराळें, तळ निराळा. या गुणाला ध्रुवता म्हणतात. पण पेशीजवळ होकायंत्र नाहीं. मग आपली बाजू तिला कळते कशी?

या प्रश्नाचें उत्तर एका कृमीच्या अंड्यांत सांपडलें. तें सुमारें मिलिमीटरच्या विसाव्या भागाएवढें असतें. निरोगी अंड्याचे एक मोठा व एक लहान असे दोन भाग होतात. अमेरिकेंत केनेथ केम्फ्यूस व त्यांच्या सहकाऱ्यांनीं १९८८ सालीं ज्या कृमींचें वर्णन केलें, त्यांच्या अंड्यांत ही वांटणीच बिघडलेली होती व गर्भ जगत नसत.

दोष ‘पार’ नांवाच्या प्रथिनांत होता. पेशीच्या पटलाला आंतून लागून एक पातळ, चिवट साल असते. प्रथम पार-३, पार-६ व त्यांचें सोबती प्रथिन या सर्व सालीवर पसरलेलीं असतात. शुक्रजंतू ज्या टोकाशीं शिरतो तेथील साल सैल पडते व ताणलेली साल दुसऱ्या टोकाकडे सरकते. तिच्याबरोबर हीं प्रथिनेंही वाहून जातात. रिकाम्या जागीं पार-१ व पार-२ येऊन बसतात. पुढें दोन्ही पक्ष एकमेकांवर फॉस्फेटाचा शिक्का मारून परस्परांना सालीवरून हुसकून लावतात. आमच्या शिरपूरकडे दोन शेजारी एकच बांध दोहों बाजूंनीं कोरतात, तसाच हा प्रकार! दोघांचें बळ जेथें सारखें, तेथें सीमा ठरते.

ही सीमा म्हणजे केवळ पंडितांचें कुतूहल नव्हे. ‘एल्जीएल’ हें प्रथिन याच व्यवस्थेंतलें. तें नाहींसें झाल्यास फळमाशीच्या अळींत गांठी वाढतात व ती मरते. जर्मनींत ट्यूबिंगेन येथें महेंद्र सोनवणे व त्यांच्या सहकाऱ्यांनीं २००५ सालीं झेब्रा माशांत याचा भाऊबंद, ‘एल्जीएल-२’, तपासला. तो बिघडला कीं तळथरांतील पेशींचे आधारपटलाला धरणारे टांके बनत नाहींत. पेशी बेसुमार वाढून भलत्या जागीं जातात. पुढें सोनवणे यांनीं हाच अभ्यास मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेंत चालविला.

जागा सोडून भटकणारी, आवरेनाशी वाढणारी पेशी म्हटली, कीं कर्करोगाची आठवण होते. मनुष्याचे बहुतेक कर्करोग अशा अस्तरपेशींतूनच उद्भवतात. म्हणूनच वर कोणतें, खालीं कोणतें, हें पेशीला उमगणें ही आपल्या आरोग्याची पहिली पायरी होय.