हिशेबाच्या मुळाशी
(वार्षिक संमेलनातील भाषण)



गेल्या वर्षी मंडळाच्या शिष्यवृत्तीसाठी गुणांच्या वरच्या चतुर्थांशाची सीमा ठरविण्याचे काम आम्हांकडे आले. कोशाध्यक्षांनी हाताने काढलेला आकडा आणि 'आर' या संगणकभाषेने दिलेला आकडा जुळेना. दोहोंच्या मधे एका विद्यार्थिनीचे नाव अडकले होते. तेव्हा यंत्राने हिशेब कसा केला, हे वाचणे प्राप्तच झाले.

'आर' ही भाषा न्यूझीलंडमधील ऑकलंड विद्यापीठात रॉस इहाका व रॉबर्ट जंटलमन यांनी रचिली. १९९५ पासून तिची मूळ संहिता सर्वांस खुली आहे. परंतु खुली असणे निराळे आणि सापडणे निराळे. आम्ही 'क्वांटाइल' हे नाव कंसावाचून टंकित केले, तो 'यूजमेथड' एवढाच शब्द हाती लागला. हा केवळ द्वारपाल. आलेली सामग्री पाहून तो तिला योग्य दालनात धाडतो. दालनांची यादी 'मेथड्स' देते. तीत 'क्वांटाइल.डिफॉल्ट' या नावापुढे तारांकन होते, म्हणजे हे दालन नुसत्या नावाने उघडत नाही. 'गेटएनीव्हेअर' म्हटल्यावर ते उघडले. (कर्त्यांच्या टिपा तेथे गाळलेल्या असतात, त्या हव्या असल्यास मूळ संहितेचे गाठोडेच उतरवून घ्यावे लागते.)

आत नऊ रीती होत्या आणि काही न सांगितल्यास सातवी लागू होत होती! १०, २०, ३०, ४० हे गुण घ्या. कोशाध्यक्ष वरच्या दोहोंचा मध्य काढतात, तो ३५. सातवी रीत तिहींच्या पाऊणपटीत एक मिळविते, सव्वातीनाव्या स्थानी जाते आणि ३२.५ सांगते. दुसरी रीत मागितली, तर यंत्रही येथे ३५च देते.

म्हणजे कोशाध्यक्ष चुकले नव्हते आणि यंत्रही चुकले नव्हते. आमच्या नियमावलीत रीतच लिहिलेली नव्हती, आणि हे संहिता वाचेपर्यंत आमच्या ध्यानी आले नव्हते. कार्यकारिणीने त्या वर्षापुरती कमी असलेली सीमा धरली व विद्यार्थिनीस शिष्यवृत्ती दिली. यंदाच्या नियमावलीत रीतीचा क्रमांक छापला आहे. ज्या तरुणांस ती संहिता स्वतः वाचावयाची असेल, त्यांनी सभेनंतर आम्हांस भेटावे; संगणक बरोबर आणला आहे.