पदवीचा विनियोग



दीक्षान्त समारंभात थोर विद्वानांची नावे घेण्याचा प्रघात आहे. तो किंचित बाजूस सारून, जिने पदवी संपादिली ती कायद्याची, परंतु जिचे खरे कार्यक्षेत्र डहाणू-उंबरगावाकडील कुडाच्या झोपड्यांत होते, त्या गोदावरी परुळेकर यांचे स्मरण आज करावे असे मी योजिले आहे.

पुण्याच्या एका वकिलाच्या सुखवस्तू घरात १९०७ साली जन्मलेल्या, महाराष्ट्रातील कायद्याच्या पहिल्या स्त्री-पदवीधर म्हणून ओळखल्या गेलेल्या आणि भारत सेवक समाजाच्या पहिल्या स्त्री आजीव सदस्य झालेल्या या बाईंना प्रतिष्ठेची वानवा नव्हती. तरीही १९४५ च्या सुमारास त्या ठाणे जिल्ह्यातील वारल्यांच्या पाड्यांवर पायी हिंडू लागल्या, त्यांच्या झोपड्यांत राहिल्या, त्यांची बोली शिकल्या. जमीनदाराचा सांगावा येताच स्वतःचे शेत टाकून वेठीस जायचे आणि मोबदल्यात बहुधा मारच खायचा, ही तिथली रीत. आणि लग्नासाठी ज्याने सावकाराकडून थोडे रुपये उचलले, तो आपल्या बायकोसह ‘लग्नगडी’ म्हणून त्याच्या दारी जन्मभर राबे. या गुलामीचा आधार कायद्यात नव्हता. तो होता भयात, आणि सरकारी कचेऱ्यांच्या सोयीस्कर मौनात.

म्हणूनच बाईंचे कायद्याचे ज्ञान न्यायासनासमोर नव्हे, तर पाड्यावरच्या अंगणात उपयोगी पडले. वेठ देऊ नका, मार सोसू नका, एकजूट करा, एवढेच त्यांचे सांगणे. २३ मे १९४५ रोजी झरी येथे हजारो वारली जमले, तिथे हे सांगणे त्यांचा स्वतःचा निश्चय झाला, आणि पिढ्यान्‌पिढ्यांची वेठ पाहता पाहता ढासळली. गावोगावचे लग्नगडी मोकळे झाले. (त्यासाठी एकही स्टँपपेपर खर्ची पडला नाही, याची कायदेपंडितांनी नोंद घ्यावी.)

पुढचा लढा पोटाचा होता. पाचशे पौंड गवत कापण्यास अडीच रुपये मजुरी मागून वारल्यांनी संप पुकारला. १० ऑक्टोबर रोजी तलवाडा येथे जमलेल्या निःशस्त्र जमावावर पोलिसांनी गोळीबार केला आणि जेठ्या गांगड यांच्यासह पाच जण धारातीर्थी पडले. परुळेकर पतिपत्नींवर जिल्ह्याबाहेर जाण्याचा हुकूम बजावण्यात आला. तथापि पुढारी हद्दीबाहेर गेले तरी संप हद्दीतच राहिला, आणि चळवळ नेमकी कोणाची आहे हे त्यावरून हुजुरांना उमगले असावे.

तुमच्यापैकी कोणी उद्या वकिलीची सनद घेईल, कोणी मामलेदाराच्या खुर्चीवर बसेल. त्यांनी बाईंचे ‘जेव्हा माणूस जागा होतो’ हे पुस्तक अवश्य वाचावे. १९७२ साली त्यास साहित्य अकादमीचा पुरस्कार लाभला. त्यात लेखिकेची थोरवी शोधू जाल तर निराश व्हाल. पानोपानी भेटतात ते वारलीच.