लिटल रॉकचे नऊ विद्यार्थी



आज मी आपणास अमेरिकेतील एका शाळेची हकीकत सांगणार आहे.

सोयी सारख्या असतील तर काळ्या-गोऱ्यांना वेगळे ठेवण्यास हरकत नाही, असा निर्णय तेथील सर्वोच्च न्यायालयाने १८९६ साली दिला होता. प्रत्यक्षात सोयी सारख्या नव्हत्याच. पुढे १७ मे १९५४ रोजी त्याच न्यायालयाच्या नऊही न्यायमूर्तींनी एकमताने ठरविले की, वंशावरून सरकारी शाळा वेगळ्या ठेवणे घटनाबाह्य आहे. कृष्णवर्णीय पालकांची बाजू लढविणारे वकील थरगुड मार्शल १९६७ साली स्वतः त्या न्यायालयाचे न्यायमूर्ती झाले.

पण निकाल लागला म्हणून शाळेचे दार लगेच उघडत नाही. १९५७ साली आर्कान्सा राज्यात लिटल रॉक येथील सेंट्रल हायस्कूलमध्ये नऊ कृष्णवर्णीय विद्यार्थ्यांना प्रवेश मिळाला. राज्यपाल ऑर्व्हल फॉबस यांनी त्यांना अडविण्यासाठी सशस्त्र शिपाई उभे केले. ४ सप्टेंबरला सर्वांनी मिळून जायचे ठरले. एलिझाबेथ एकफर्डच्या घरी टेलिफोन नव्हता. तिला निरोपच मिळाला नाही. पंधरा वर्षांची ती मुलगी एकटी गेली. पुढे बंदुका, मागे आरडाओरड करणारा जमाव! तिला परतावे लागले.

अखेर राष्ट्राध्यक्ष आयझेनहॉवर यांनी लष्कर पाठविले आणि २५ सप्टेंबरला नऊही मुले सैनिकांच्या पहाऱ्यात शाळेत गेली. तरीही आतला छळ थांबला नाही. धक्के, शिव्या, टोमणे वर्षभर चालूच राहिले. प्रत्युत्तर दिले म्हणून एका मुलीला शाळेतून काढण्यात आले. काही पालकांचा रोजगार गेला. पण उरलेल्या आठ जणांनी वर्ष पुरे केले. मे १९५८ मध्ये अर्नेस्ट ग्रीन त्या शाळेतून उत्तीर्ण होणारा पहिला कृष्णवर्णीय विद्यार्थी ठरला.

पुढच्या वर्षी काळ्या मुलांना गोऱ्यांसोबत बसू द्यायचे नाही, म्हणून शहरातील सरकारी हायस्कुलेच बंद ठेवण्यात आली. त्यात गोऱ्या मुलांचेही वर्ष बुडाले. दुसऱ्याची वाट अडविणाऱ्याने आपल्याच मुलांची वाट बंद केली. शाळा उघडल्यावर कार्लोटा वॉल्स आणि जेफर्सन थॉमस पुन्हा तेथेच आले व १९६० साली उत्तीर्ण झाले.

पालकहो, न्यायालयाने हक्क दिला. पण रोज सकाळी दप्तर घेऊन निघायचे होते त्या मुलांनाच, आणि त्यांना धाडायचे होते त्यांच्या आईबापांना. आपल्या मुलामुलींच्या वाटेवर शिपाई उभे नाहीत. तेव्हा परिस्थितीची वा चालीरीतीची सबब सांगून मुलीची शाळा मध्येच सोडविण्याचा विचार मनात आला, तर एलिझाबेथच्या आईबापांची आठवण करा. विद्यार्थी मित्रहो, तुम्हीही एक दिवस विनाकारण बुडविण्यापूर्वी त्या आठ जणांचे वर्ष डोळ्यांसमोर आणा.