केस उपटणारी मुले आणि औषधाची गोळी
(शिक्षक संमेलनातील भाषणाचा मजकूर)



वर्गात पाठ चालू असता एखाद्या मुलाचा हात नकळत डोक्याकडे जातो. बोटे एक केस निवडतात, तो उपटतात, क्षणभर न्याहाळतात आणि पुन्हा त्याच वाटेने जातात. काही मुलांची नखे हातावरील खपली, पुटकुळी किंवा ओठांची साल सोलीत राहतात. शिक्षकाचे लक्ष गेले तर तो म्हणतो, “हात खाली!” हात खाली येतो आणि दोन मिनिटांनी पुन्हा वर जातो. येथे मुलाने आज्ञा मोडली असे शिक्षकास वाटणे स्वाभाविक आहे; पण ते खरे नव्हे. पुष्कळदा आपला हात वर गेल्याचे त्या मुलास ठाऊकही नसते. ज्या वेळी ठाऊक असते, त्या वेळी तो आवरणे त्याच्या शक्तीबाहेरचे असते.

या विकाराला वैद्यकशास्त्रात जुने नाव आहे. पॅरिस येथील त्वचारोगतज्ज्ञ हालोपो यांनी १८८९ साली केस उपटण्याच्या अनावर सवयीस ‘ट्रायकोटिलोमेनिया’ असे नाव दिले. त्वचा सोलण्याच्या सवयीस स्वतंत्र विकार म्हणून अमेरिकेतील मानसोपचारतज्ज्ञांच्या वर्गीकरणात स्थान मिळाले ते मात्र २०१३ साली. शंभर माणसांत एखाददुसऱ्याला तरी असा त्रास असतो आणि त्याचा आरंभ बहुधा दहा ते तेरा वर्षांच्या सुमारास, म्हणजे मूल प्राथमिक शाळेत असतानाच होतो. तेव्हा मोठ्या शाळेत आज नाही तर उद्या असे मूल भेटणारच.

प्रथम हे दुसरे काही नाही ना, ते पाहिले पाहिजे. चाई पडली असता टाळूवर गुळगुळीत, वाटोळा चट्टा दिसतो. नायटा असेल तर खवले व खाज असते. केस उपटलेल्या जागी मात्र चट्टा वेडावाकडा असतो आणि त्यात लहानमोठ्या लांबीचे तुटके केस खुंटासारखे उभे राहिलेले दिसतात. त्वचेच्या बाबतीत खरजेची शंका आधी घ्यावी. रात्री खाज वाढत असेल आणि घरातील इतरांसही ती असेल, तर तो विकार निराळा व त्याचे औषधही निराळे. ही पारख वैद्यकीय अधिकाऱ्याने करावयाची आहे. शिक्षकाने केवळ पाहिलेले नीट सांगावयाचे आहे.

गावात या विकारावर जे उपाय होतात ते विकाराहून वाईट असतात. मुलीचे डोके सरसकट भादरतात, बोटांना मिरची लावतात, भगताकडून अंगारा आणतात, नाहीतर “टकली” म्हणून सारे घर तिला हसते. चौथीतील एखादी मुलगी सणासुदीलाही डोक्यावरचा रुमाल काढीत नाही, खेळाच्या तासाला पोटदुखीचे निमित्त सांगते, आणि पुढे पुढे शाळेतच येईनाशी होते. गैरहजेरीच्या रकान्यात तिचे कारण कोणी लिहीत नाही. लाजेने शाळा सुटावी, ही या विकाराची सर्वांत मोठी किंमत आहे.

आता गोळ्यांसंबंधी. अलीकडे काही पालक औषधाच्या दुकानातून अथवा कोणाच्या सांगण्यावरून ‘एन-ॲसिटिल सिस्टीन’ नावाची गोळी आणतात आणि ती दुपारी मुलाला द्यावी असे शिक्षकास सांगतात. हे द्रव्य नवे नव्हे. पॅरासिटामॉलच्या विषबाधेवर उतारा म्हणून आणि छातीतील कफ पातळ करण्यासाठी ते फार वर्षे वापरात आहे. २००९ साली अमेरिकेत केस उपटणाऱ्या पन्नास प्रौढांवर बारा आठवडे त्याचा प्रयोग झाला. निम्म्याहून थोड्या अधिक जणांना चांगला उतार पडला, तर औषधाविना नुसती दिखाऊ गोळी घेणाऱ्यांत सहांपैकी सुमारे एकालाच पडला. २०१६ साली त्वचा सोलणाऱ्या प्रौढांतही असाच गुण दिसला. या बातम्या कानोकान पसरल्या. परंतु २०१३ साली आठ ते सतरा वर्षांच्या एकोणचाळीस मुलांवर हाच प्रयोग केला असता खरी गोळी व दिखाऊ गोळी यांत म्हणण्याजोगा फरक आढळला नाही, ही गोष्ट मात्र कोणी सांगत नाही. ‘इनोसिटॉल’ नावाच्या दुसऱ्या पूरक द्रव्याचा प्रौढांवरील प्रयोगही २०१७ साली निष्फळ ठरला. म्हणजे मोठ्या माणसास लागू पडलेले औषध लहान मुलास लागू पडेलच असे नाही. तरीही एखाद्या मुलाची प्रकृती पाहून डॉक्टर ते देतात. तो त्यांचा अधिकार आहे. गोळी किती व केव्हा हे या भाषणात मुद्दाम सांगितलेले नाही, कारण ते डॉक्टरांच्या चिठ्ठीवरच असावयास हवे. चिठ्ठी नसेल तर शिक्षकाने गोळी हातात घेऊ नये, मग आणणारा पालक कितीही ओळखीचा असो.

चिठ्ठी असेल तर मात्र मदत मनापासून करावी. या औषधाला गंधकाचा, सडक्या अंड्यासारखा वास येतो. मूल तोंड फिरवते ते हट्टाने नव्हे. पाण्यात टाकली असता फसफसणारी गोळी असेल तर ती थंड पाण्यात पूर्ण विरघळू द्यावी आणि लगेच प्यावयास द्यावी. पेल्याऐवजी नळीने प्याले तर वास नाकाशी कमी येतो. वर घोटभर ताक किंवा साधे पाणी पुरे. कॅप्सूल असेल तर ती डॉक्टरांस विचारल्यावाचून फोडू नये. आठ-नऊ वर्षांच्या पुढील ज्या मुलास गोळी गिळता येत नाही, त्याला ताठ बसवून, मोठ्या माणसाच्या देखरेखीखाली, आधी बडीशेपेची बारीक साखरी गोळी पाण्याच्या घोटाबरोबर गिळावयास शिकवावी; भीती गेली की पुढचे सोपे होते. औषधाला “खाऊ” म्हणण्याचा मोह टाळावा. घरी धाकट्या भावंडाने खाऊ समजून डबी रिकामी केली तर त्याला जबाबदार कोण? मळमळ, उलटी, अंगावर पुरळ किंवा दम लागणे यांपैकी काही दिसले तर औषध थांबवून पालकांस व आरोग्य केंद्रास कळवावे. मुलाला दमा असेल तर ती गोष्ट डॉक्टरांच्या कानावर आधीच घातलेली असावी.

गोळी सर्वांसमक्ष देऊ नये. मुख्याध्यापकांच्या खोलीत, मधल्या सुट्टीत, पाणी प्यावयास गेल्यासारखे ते काम व्हावे. दिली की वहीत तारीख टाकावी. आणि आठ दिवसांत केस आले नाहीत म्हणून पालकांनी गोळी सोडू नये, हे त्यांना समजावून सांगावे. २००९ च्या प्रयोगात प्रौढांनाही गुण स्पष्ट दिसावयास नऊ आठवडे लागले होते.

शाळेत आठवड्यातून एकदा मिळणारी लोहाची गोळी, पहिली ते पाचवीसाठी गुलाबी व पुढे निळी, हिच्याशी या औषधाची गल्लत करू नये. ती रक्तक्षयासाठी आहे. ती जेवणानंतर घ्यावी, तिच्याबरोबर चहा नको, आणि शौचास काळसर झाले तर घाबरू नये, हे शिक्षकांस ठाऊकच आहे. तिने केस उपटणे थांबत नाही. पण अशक्त मुलाला तिची गरज असतेच. डॉक्टरांकडे जाताना पालकांनी या गोळीचाही उल्लेख करावा.

ज्या उपायाचा पाया अधिक भक्कम आहे, त्याला पैसा लागत नाही. अमेरिकेतील मानसशास्त्रज्ञ ॲझरिन व नन यांनी १९७३ साली सवय पालटण्याची एक पद्धत मांडली. तिचे सार असे की मुलाने प्रथम आपला हात केव्हा वर जातो हे ओळखावे आणि ती घडी आली की त्याच हाताला दुसरे काम द्यावे, जसे मूठ घट्ट आवळून मिनिटभर धरणे. ही पद्धत जाणत्या माणसाने शिकवावयाची असते, पण वर्गात तिला साहाय्य करणे शिक्षकाला साधते. हात बहुधा रिकामा असताना वर जातो: गोष्ट ऐकताना, मनात वाचताना, अवघड गणितापुढे अडकले असताना. अशा वेळी मातीचा गोळा, दोन चिंचोके, दोरीची गाठ, काहीही हाती असू द्यावे. एका शिक्षिकेने मुलीशी एक खूण ठरविली होती. हात वर गेला की बाई न बोलता तिच्या पाटीशेजारी खडूचा तुकडा ठेवून पुढे जात. वर्गातील कोणाला त्याचा पत्ता नव्हता. अशी खूण मुलाच्या संमतीनेच ठरवावी. नाहीतर तीही एक तंबीच होऊन बसते. उपटलेल्या केसांची मोजदाद मात्र कधीही करू नये.

एका बाबतीत विलंब चालत नाही. काही मुले उपटलेला केस तोंडात घालतात व गिळतात. केस पचत नाहीत. ते जठरात साचून त्यांचा गोळा बनतो आणि क्वचित त्याचे शेपूट आतड्यात उतरते. मग शस्त्रक्रियेवाचून गत्यंतर राहत नाही. केस गिळणाऱ्या मुलाचे पोट दुखू लागले, उलट्या झाल्या, अन्न जाईना किंवा वजन घटले, तर त्याच दिवशी दवाखान्यात पाठवावे. सोललेल्या त्वचेची जखम लाल होऊन सुजली, पू झाला वा ताप आला, तरी तेच.

पाठवावे कोठे, हा प्रश्न खेड्यात नेहमी येतो. प्राथमिक आरोग्य केंद्र प्रथम. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचे पथक वर्षातून एकदा शाळेत तपासणीस येते, तेव्हा या मुलाला बाजूला घेऊन दाखवावे. रांगेत उभे करून रुमाल काढावयास लावू नये. जिल्हा रुग्णालयात मानसोपचाराची सोय असते. २०२२ पासून ‘टेलिमानस’ या सरकारी सेवेचा १४४१६ हा दूरध्वनी क्रमांकही उपलब्ध आहे.

पालकांशी बोलताना आईला एकटीला दोषी धरले जाणार नाही एवढे पाहावे. “तुमच्या लाडाने झाले” हे वाक्य गावात आधीच चारजणांनी तिला ऐकविलेले असते. बापालाही बोलवावे आणि दोघांना एकच सांगावे, की सुट्टीपर्यंत डोके भादरू नका, मारू नका, आणि केस आले की नाहीत हे रोज आरशापुढे तपासू नका. मे महिन्याच्या सुट्टीत रिकामा वेळ वाढतो व सवय पुन्हा उसळते, हेही आधीच सांगून ठेवावे. म्हणजे जूनमध्ये चट्टा वाढलेला दिसला तरी कोणी हताश होणार नाही. मूल पाचवीला दुसऱ्या शाळेत जाणार असेल तर दाखल्यावर याविषयी एक अक्षरही लिहू नये. पालकांची संमती घेऊन तेथील वर्गशिक्षकास स्वतः भेटावे, आणि चिंचोके व खडूची खूण तेवढी सांगून यावे.