कॉपीकॅट म्हणजे काय गं?



मागे तालुक्याच्या प्रदर्शनात शेजारच्या गावच्या गटातली एक मुलगी आमच्या स्टॉलवर आली. जवसाच्या चटणीची पुडी उचलली, उलटसुलट पाहिली आणि "कॉपीकॅट!" म्हणून निघून गेली. आम्ही हसलो, कारण अर्थच माहीत नव्हता. कळल्यावर मात्र दोघीतिघी चिडल्या. एक वहिनी तर म्हणाल्या, उद्यापासून चटणी बंद.

कॉपी म्हणजे नक्कल, कॅट म्हणजे मांजर. शब्द अमेरिकेतल्या पोरांच्या चिडवण्यातला. एकीनं चित्र काढलं, दुसरीनं तसंच काढलं, की म्हणायचं कॉपीकॅट. आता बाजारातल्या मालालाही लावतात. त्यात टोमणा असतोच. आपल्या नकलाकाराचं तसं नाही, त्याला टाळ्या मिळतात. आणि सातबाराची नक्कल तर आपण पैसे भरून आणतो!

मग आम्हाला टोमणा का? जवसाची चटणी काही कुणा एकीची नाही. सासूचं पाहून सून शिकली, तिचं पाहून धाकटी जाऊ. भांडायला पुरावा हवा म्हणून आम्ही त्यांची पुडी विकत आणली, आमच्या पुडीशेजारी ठेवली आणि गप्पच झालो.

लेबल तेच हिरवं, पाटा-वरवंटा तोच, अक्षराचं वळणही तेच. छापखान्यात नमुना देऊन "अगदी असंच करा" आम्हीच सांगितलं होतं. त्यांनी फक्त गटाचं नाव बदललं. खाली अन्न नोंदणीचा १४ आकडी क्रमांक त्यांचाच! मूळ कागदावर माशी मेलेली दिसली म्हणून नकलेतही माशी मारून चिकटवणाऱ्या कारकुनाची गोष्ट तुम्ही ऐकली असेल. मक्षिकास्थाने मक्षिका. ते कारकून आम्हीच.

हसू आलं, पण पोटात गोळाही आला. जवस लवकर खवट होतं. आमची चटणी खाऊन कुणाला त्रास झाला असता, तर विचारणा त्यांच्या दारात गेली असती. आमचा क्रमांक फाईलमध्ये तसाच पडून होता.

उरलेली लेबलं खरवडून काढायला दोन दुपारी गेल्या. मग चौघी त्यांच्या गावी गेलो आणि चूक सांगितली. चहा मिळाला, बोलणीही खाल्ली. नव्या लेबलावर आमचं उखळ आहे, क्रमांक आमचा आहे. पहिली पुडी त्यांनाच पाठवली. निरोप आला, "लसूण कमी पडलाय."